कचऱ्याचा डबा की कणगी?

दिवसभरात मोबाईलच्या पडद्यावर आपण किती चित्रांवर बोट ठेवतो, कधी मोजलंय? घर, दात्यांचं चाक, पाकीट, भिंग, कचऱ्याचा डबा... मेसच्या रांगेत उभ्या उभ्या पन्नास तरी होत असतील! ही चित्रं, म्हणजे आयकॉन, कुणी काढले आणि कुणासाठी काढले, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. आमच्या ग्रुपला तो फायनल इयरच्या प्रोजेक्टमुळे पडला.

प्रोजेक्ट तसा साधा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर कुणी किती पुडके दिले, याची नोंद ठेवणारं अॅप. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतःच करू लागल्या. हिशेबाची वही गावाच्या हातात आली. मजुरी त्या वहीवर ठरते. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपली नोंद स्वतः पाहता यावी, म्हणून अक्षरं कमी आणि चित्रं जास्त, असं आम्ही ठरवलं.

चित्रं आणायची कुठून? पडद्याचा फोटो मारून कापलं तर ते पीएनजी. म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मोठी केली की कडा फाटतात. अॅन्ड्रॉइडला तर वेगवेगळ्या पडद्यांसाठी एकाच चित्राच्या पाच-पाच मापाच्या फाईली द्याव्या लागतात. व्हेक्टरचं तसं नाही. भिंतीवर जाहिरात रंगवणारा पेंटर आठवा. कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकटी आखतो, भिंतीवर खडूने तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडतो आणि रेघ कुठून कुठे जाते ते पाहून उतरवतो. व्हेक्टर फाईलमध्येही हीच माहिती असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अशी वळणाची रेघ. पडद्यावर बोटाएवढी असो की फ्लेक्सवर दहा फुटी, रेघ तीच. याचा एसव्हीजी हा खुला नमुना डब्ल्यूथ्रीसीने २००१ मध्ये जाहीर केला.

सिस्टीमचे बरेच आयकॉन फॉन्टमध्ये अक्षरांसारखे बसवलेले असतात. मुंबई आयआयटीच्या डी. उदय कुमार यांनी रचलेलं रुपयाचं चिन्ह सरकारने २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. आज ते कीबोर्डवर अक्षरासारखं उमटतं. तसेच हे. इंकस्केपमध्ये तो फॉन्ट निवडा, आयकॉन टाईप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, की अक्षराची बाह्यरेषा हातात येते. मग एसव्हीजी म्हणून सेव्ह. ज्युनिअर्ससाठी एक टीप: स्वतः काढलेल्या चित्रातल्या जाड रेघा 'स्ट्रोक टू पाथ' केल्याशिवाय पाठवू नका. लहान-मोठं करताना रेघेची जाडी कधी बदलते, कधी तशीच राहते, आणि चित्राचा तोल जातो.

रेघ अशी पाच मिनिटांत येते. तिच्याबरोबर परवानगी येते असं नाही. गुगलने २०१४ मध्ये आपले मटेरियल आयकॉन एसव्हीजीसकट खुले केले. ते अपाची लायसन्सखाली आहेत, वापरा, बदला. अॅपलचे एसएफ सिम्बॉल्स २०१९ चे. तेही एक्स्पोर्ट होतात, पण अॅपलच्या सिस्टीमवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिझाईनपुरतेच वापरायचे आहेत. आमचं अॅप अॅन्ड्रॉइडचं, म्हणून आम्ही गुगलचे घेतले.

आणि रेघेबरोबर अर्थही येत नाही! हे कळलं ग्रुपमधल्या एकाच्या गावी, धानोरा तालुक्यात. खोट्या नोंदी भरून आम्ही त्याच्या मावशीच्या हाती फोन दिला. पुडक्यांचा आकडा आल्यावर मावशीने थेट कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं.

"मावशी, हे काय आहे?"

"कणगी होय ना. यात टाकलं त जपून राह्यते."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तिच्या अंगणात झाकणाचा डबा कधीच नव्हता. उभं, गोल, झाकण असलेलं भांडं म्हणजे धान्य साठवायची वस्तू. तिचं वाचन बरोबरच होतं. पण हंगामात हे घडलं असतं तर बाईने जपून ठेवायला म्हणून दिवसभराची मजुरी पुसून टाकली असती. शेजारच्या बायकांना विचारलं, तर दोघींनी तेच सांगितलं. घराच्या चित्रावरचं धुराडं पाहून एक पोरगा म्हणाला, "हे चंद्रपूरचं थर्मल होय का?"

हा प्रश्न देशाने आधी सोडवलेला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली. निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत पेन्सिलने ती काढत होते. सायकल, कंदील, खाट... सगळ्या गावात दिसणाऱ्या वस्तू!

मग आम्हीही पेन्सिल घेतली. चोवीस बाय चोवीसच्या चौकटीत, दोनच्या जाडीच्या रेघेने. पुडका काढताना पानं दाखवायला गेलं की लहान मापात नुसता काळा गोळा दिसे. शेवटी तीन पानं आणि दोरी एवढंच ठेवलं. 'जपून ठेवा'साठी कणगी. 'खोडा'साठी डबा काढून टाकला आणि पुडक्यावर आडवी काट मारली, कारण वहीत नको असलेली ओळ तशीच खोडतात. घराला कौलं दिली. दुसऱ्या खेपेला मावशीने न विचारता कणगीवर बोट ठेवलं.

असे अकरा आयकॉन झाले आहेत. एसव्हीजी फाईली डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवल्या आहेत, कुणीही घ्या, बदला, कुणाची परवानगी लागणार नाही. पण हे एका तालुक्यातल्या काही बायकांनी तपासलेले आयकॉन आहेत. सिरोंचा, भामरागड, जिवती, नागभीडच्या होस्टेलकरांनो, दिवाळीत घरी जाल तेव्हा प्रिंट घेऊन जा आणि आजीला विचारा, "हे काय आहे?" ती जे सांगेल ते तसंच लिहून आणा. मोहफूल, बांबू आणि डिंक अजून काढायचे आहेत.