पायांना वाट द्यावी : नांदेड ते लातूर

नांदेडला गोदावरीकाठी पहाटे गेलात, तर नगीनाघाटाच्या परिसरात अनेक ज्येष्ठ मंडळी फिरताना दिसतील. कुणी सचखंड गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून आलेले असते, कुणी नदीवरचा गार वारा घ्यायला. या फिरणाऱ्यांत एखादी व्यक्ती अशीही असते, की जिची आदली रात्र अंथरुणापेक्षा ओसरीवर येरझारा घालण्यातच गेलेली असते. माझी आई अशांपैकी एक. वय सत्त्याहत्तर. रात्रीचे साडेदहा वाजले की ती म्हणायची, “पाय वळवळायलेत रे, पडू वाटंना.” आम्ही घरातली माणसे ते ऐकून घेत असू आणि झोपी जात असू.

लातूरला राहणाऱ्या माझ्या मावशीचे सहस्रचंद्रदर्शन ठरले, तेव्हा आईने येणार नाही असे सांगून टाकले. सख्ख्या थोरल्या बहिणीचा सोहळा, तोही तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर! कारण विचारले तर ती नजर चुकवून म्हणाली, “तितका वेळ एका जागी बसणं मला व्हायचं नाही. लोकांत चुळबुळ केलेली बरी दिसत नाही.” तिच्या पायांकडे आम्ही प्रथमच गांभीर्याने पाहिले ते त्या दिवशी. वाचकहो, आपल्याही घरात कुणी लग्नाकार्याला, कीर्तनाला किंवा प्रवासाला असेच नकार देत असेल, तर नांदेड ते लातूर हा छोटा प्रवास आमच्याबरोबर करून पाहा.

हा स्वभाव नव्हे, आजार आहे

या त्रासाला वैद्यकात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. आपण ‘बेचैन पाय’ म्हणू. त्याची ओळख चार खुणांनी पटते. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते. बसल्या-पडल्या ती वाढते. चालले किंवा पाय ताणले की तेवढ्यापुरती शमते. आणि संध्याकाळनंतर तिचा जोर वाढतो. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचे वर्णन केले होते, आणि १९४५ साली स्वीडनचे डॉ. कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी या आजाराचा सविस्तर अभ्यास मांडला. तात्पर्य, हा आजार नवा नाही आणि काल्पनिकही नाही.

डॉक्टरांनी आईची रक्ततपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन ठीक होते. परंतु शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फार कमी निघाले. मेंदूला लोह अपुरे पडले की हा त्रास बळावतो, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नये. या आजारात फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असले, तर लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. मात्र लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. जादा लोहही अपाय करते. शिवाय उतारवयात लोह कमी का झाले, जठर-आतड्यांतून रक्त तर जात नाही ना, हेही पाहावे लागते. मूत्रपिंडाचे विकार आणि मधुमेहाने नसांना झालेली इजा यांच्या सोबतीनेही हा त्रास येतो. डायलिसिसच्या खुर्चीवर तासन्‌तास बसणाऱ्या रुग्णांना तो विशेष जाचतो. म्हणून औषधाविना आराम शोधण्याची पहिली पायरी तपासणी हीच होय.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी खजील झालो. आईला गाडी लागते, म्हणून प्रत्येक प्रवासाआधी मी तिला दुकानातून आणलेली गोळी देत असे. गाडी लागण्यावरच्या आणि सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या कित्येक गोळ्या बेचैन पाय अधिकच बेचैन करतात. उलटी थांबवणारी काही औषधे, मनोविकारांवरची व नैराश्यावरची काही औषधेही तसे करू शकतात. मागच्या प्रवासात आईचे जे हाल झाले, त्यात माझ्या हाताचाही वाटा होता. आपल्या घरातील सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवावी. यादीतील कोणतेही नियमित औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

त्या पंधरा दिवसांत आम्ही घराची घडी थोडी बदलली. दुपारी चारनंतरचा चहा बंद झाला, कारण चहा-कॉफीतील कॅफिनने त्रास वाढू शकतो. तंबाखूची मिश्री आईने वर्षानुवर्षे लावली होती; तीही प्रयत्नपूर्वक सुटली. जेवणाबरोबरचा चहा तर लोहाचा शत्रूच, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. आपल्या मराठवाड्याच्या ताटात मुळात लोहाची वाण नाही. ज्वारीची भाकरी, लोखंडी कढईत परतलेली पालेभाजी, तिळाची किंवा कारळ्याची चटणी, मधूनमधून अळिवाचा लाडू, आणि वर पिळलेले लिंबू. लिंबातील क जीवनसत्त्वाने लोह शोषले जाण्यास मदत होते. अर्थात साठा फार खालावलेला असेल, तर नुसत्या आहाराने तो लवकर भरून येत नाही. आईला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोह घ्यावेच लागले.

रोज सकाळी तिला घाटावर अर्धा तास सपाट वाटेने चालवले. दिवसा केलेला बेताचा व्यायाम उपयोगी पडतो. झोपेच्या तोंडावर केलेला दमछाकीचा व्यायाम नव्हे. गुरुद्वाऱ्यात जाताना वाहत्या पाण्यातून पावले धुऊन आत जायचे असते. त्या गार पाण्यातून आणि पुढे संगमरवरी फरशीवरून चालताना आई म्हणाली, “इथं पाय शांत होतात बघ.” काहींना गार पाणी मानवते, काहींना कोमट, ज्याचे त्याने ताडून पाहावे. आईची कळ अशी गुरुद्वाऱ्याच्या दारात सापडली.

एसटीतील तीन तास

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो वेळेचा. बेचैन पायांचा जोर सायंकाळी असतो, हे एकदा कळले की प्रवासाचे वेळापत्रक आपोआप ठरते. आम्ही सकाळची गाडी धरली. आदल्या वेळी रात्रीची धरली होती, कारण ‘झोपेत प्रवास होईल’ असे मला वाटले होते!

जागा मधल्या वाटेच्या कडेची घेतली, म्हणजे पाय लांब करता येतात. गाडी लागू नये म्हणून पुढची बाजू निवडली आणि पोट हलके ठेवले. गोळी दिली नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत गाडी लातूरकडे जाते. जिथे गाडी थांबेल तिथे आईचा हात धरून खाली उतरायचे आणि स्थानकात दोन फेऱ्या मारायच्या, असे ठरवले होते. गाडी चालू असताना मात्र उभे राहायचे नाही. बसल्या जागी टाचा उचलायच्या, चवडे वर ओढायचे, पोटऱ्यांना ताण द्यायचा. आणि हाताला काम! आईने कापसाची पिशवी बरोबर घेतली होती. अहमदपूर येईपर्यंत तिने मावशीच्या औक्षणासाठी फुलवातींचा ढीग केला. मन कशात गुंतले की पायांची ओढ मंदावते, हा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. आपल्या माणसाला शब्दकोडे आवडत असेल तर शब्दकोडे द्यावे, जप आवडत असेल तर जपमाळ.

चाकूर मागे पडल्यावर ती खिडकीबाहेरची तुरीची शेते पाहत म्हणाली, “आलंच की लातूर.” तिच्या तोंडून असे वाक्य मी कितीतरी वर्षांत ऐकले नव्हते.

गोलाईची प्रदक्षिणा आणि काशाची वाटी

लातूरची गंजगोलाई आपण पाहिली नसेल, तर जरूर पाहा. १९१७ साली आखलेली ही वर्तुळाकार बाजारपेठ. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. मावशीचे घर तिथून जवळच. सोहळा सकाळीच होता. आईसाठी मंडपाच्या कडेला खुर्ची ठेवली होती आणि ती अधूनमधून उठून जाईल हे यजमानांना आधीच सांगून ठेवले होते. एवढ्या एका वाक्याने तिचा संकोच गेला. ती चार वेळा उठली. कुणी वळूनही पाहिले नाही. रात्री जेवण झाल्यावर आम्ही गोलाईला सावकाश दोन फेऱ्या घातल्या.

तरीही रात्री अकराच्या सुमारास पाय जागे झालेच. आई उठून बसली. अंधारात मावशीचा आवाज आला, “तुझे पण वळवळतात का गं?” दिवा लागला. एक्क्याऐंशी वर्षांच्या मावशीलाही कित्येक वर्षे हाच त्रास होता. मग दोघींना आठवले, की त्यांची आई रात्री-बेरात्री माळवदावर फिरत असे आणि घरचे म्हणत, हिला काहीतरी बाधा आहे. हा आजार पुष्कळदा घराण्यात उतरतो. आजीच्या वाट्याला बाधेचा शिक्का आला. तिच्या दोन्ही लेकींनी तो धाक मनात ठेवून, एकमेकींनाही न सांगता, रात्री काढल्या.

मावशीने फडताळातून काशाची वाटी काढली. तळपायाला तेल लावून ती वाटी फिरवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आयुर्वेदात पादाभ्यंग दिनचर्येतच सांगितला आहे. वाटीतील धातू बेचैन पाय बरे करतो, असा दावा मी करणार नाही; परंतु चोळण्या-दाबण्याने बऱ्याच जणांना तात्पुरता आराम पडतो. करडईचे तेल थोडे कोमट करून मी आईचे पाय चोळले, मावशीचे तिच्या नातीने. मग घमेल्यात घोटे बुडतील इतक्याच पाण्यात दोघींनी पाय सोडले. पाणी मोजून वापरावे, हे लातूरकरांना सांगावे लागत नाही. २०१६ साली या शहराने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेले आहे. आईला साधे पाणी मानवले, मावशीला कोमट. साडेबाराला दोघीही झोपल्या होत्या.

काळजी घेणाऱ्यांसाठी चार शब्द

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाणी आणि शेक टाळावा; भाजलेले कळत नाही. पाण्याची उष्णता काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाहावी. तेल लावल्यावर तळपाय पुसून कोरडे करावेत, कारण रात्री उठणारा माणूस घसरला तर पायांचा त्रास परवडला असे म्हणायची वेळ येते. येण्याजाण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा, पायपुसणी आणि वायरी नसाव्यात. झोपण्याची व उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी.

एकच पाय सुजून लाल झाला, हलवूनही दुखणे कमी होईना, चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरे वाटू लागले, किंवा पायातली शक्ती गेली, तर तो बेचैन पायांचा प्रकार नव्हे. तेव्हा विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. घरचे उपाय करूनही झोप उडतच राहिली, तरीही त्यांचाच सल्ला घ्यावा. गरज पडल्यास औषध घेण्यात कमीपणा नाही.

हा अंक हाती आल्यापासून पुढचा अंक येईपर्यंत पंधरा दिवस एक वही ठेवा. त्रास किती वाजता सुरू झाला, त्या दिवशी काय खाल्ले-प्याले, कोणते औषध घेतले, कशाने बरे वाटले, एवढेच लिहा. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडेल.

आईच्या पायांची वळवळ संपलेली नाही. कमी झाली आहे. आता ती रात्री उठली की मी “झोप ना गं” असे म्हणत नाही. उठून दिवा लावतो. परवा तिनेच मावशीला फोनवर सांगितले, “पुढच्या महिन्यात सकाळच्या गाडीनं येते.”