अठ्ठावीस कप्प्यांची झोळी

लोणंदच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बाजाराचे पहिले सूत्र शिकवावे लागत नाही. आवक वाढली की भाव पडतो, आवक घटली की चढतो. आणि ज्याला घरी जाण्याची घाई, त्याचा माल नेहमी कमी भावाने जातो. खंडाळा तालुक्यातील वडीलधाऱ्यांनी हे ज्ञान घामाच्या मोलाने मिळवले. आता त्यांचीच काही मुले-नातवंडे हेच ज्ञान मोबाइलच्या पडद्यावर, एका काल्पनिक राज्यात, काल्पनिक नाण्यांच्या देवघेवीतून मिळवू लागली आहेत. पालक या प्रकाराला एका शब्दात 'नाद' म्हणतात. नाद आहे हे खरेच. परंतु त्यावर उपदेश करण्यापूर्वी तेथे काय चालते ते नीट समजून घ्यावे, असे आम्हांस वाटले.

आम्ही ज्या खेळाची माहिती करून घेतली, त्याचे नाव 'रूनस्केप'. इंग्लंडमध्ये २००१ साली तो जन्मास आला. २०१३ साली त्याचे जुने रूप 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या नावाने पुन्हा लोकांपुढे आले आणि २०१८ पासून ते मोबाइलवरही खेळता येते. राजे, राक्षस आणि जादूगार यांच्या या राज्यात खेळाडू जवळजवळ रिकाम्या हातांनी प्रवेश करतो. तेथे त्याने लाकडे तोडावीत, मासे धरावेत, खाणीत खनिज फोडावे, धातू वितळवावा. प्रत्येक कामाचे ठरावीक गुण मिळतात. गुण साठले की त्या कौशल्यातील त्याची पायरी वाढते. शेवटची पायरी ९९ वी. तेथे पोहोचण्यास १,३०,३४,४३१ गुण लागतात. लोखंडाच्या खनिजाचा एक खडा ३५ गुण देतो. केवळ त्याच्या बळावर शिखर गाठायचे तर सुमारे पावणेचार लाख खडे फोडावे लागतील. त्यातही गंमत अशी, की ९२ व्या पायरीवर उभ्या असलेल्या खेळाडूची वाट जेमतेम निम्मी संपलेली असते. उरलेल्या सात पायऱ्यांसाठी तेवढेच श्रम पुन्हा करावे लागतात.

आता पैशाची गोष्ट. खेळाडूच्या झोळीत कप्पे केवळ २८. अठ्ठावीस खडे फोडले की झोळी भरते आणि तेथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट उतावळ्याची. खडे तेथेच जमिनीवर टाकून द्यावेत आणि पुन्हा घाव घालू लागावे. गुण झपाट्याने वाढतात, पायरी चढते, पण गाठीला एक नाणे उरत नाही. दुसरी वाट सोशिकाची. भरलेली झोळी घेऊन बँकेपर्यंत चालत जावे, माल ठेवावा, परत यावे. येण्याजाण्यात वेळ जातो, पायरी सावकाश चढते. परंतु कोठीत विकण्याजोगा माल साठतो. वर चढणे आणि साठवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी पूर्ण वेगाने होत नाहीत. या खेळातील कमाईचे सारे शहाणपण या एका निवडीत सामावले आहे.

जाणते खेळाडू म्हणून काही पथ्ये पाळतात. आरंभी भारी शस्त्रे आणि झगझगीत पोशाख यांवर पैसा उधळू नये. जे कौशल्य पैसा देते ते आधी वाढवावे आणि जे पैसा खाते ते नंतर हाती घ्यावे. घरबांधणी हे तेथेही पैसा खाणारे कौशल्य आहे. आमच्या वाचकांस याचे नवल वाटू नये. कच्चे खनिज विकावे, की कोळसा घालून त्याचे पोलाद करावे, हे त्या दिवसाचे भाव पाहून ठरवावे. मालाच्या विक्रीसाठी 'ग्रँड एक्स्चेंज' नावाची एक पेठ आहे. लोणंदसारखा तेथे पुकारा होत नाही. विकणारा आपला भाव लिहून ठेवतो, घेणारा आपला लिहितो आणि दोहोंचा मेळ बसला की सौदा होतो. २०२१ च्या अखेरीस या विक्रीवर शेकडा एक कर बसला आणि २०२५ मध्ये तो शेकडा दोन झाला. आडत, तोलाई आणि हमाली ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना याचेही नवल वाटणार नाही.

ही सारी माहिती आम्हांस दिली ती एका तरुणाने. त्याचे कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातून शिरवळच्या बाजूस कामधंद्यासाठी आलेले. तो एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. मुदत संपली म्हणून त्याला 'ब्रेक' मिळाला आणि तो घरी बसला. दिवस-रात्र मोबाइल हातात. त्याच्या आईने काकुळतीने आम्हांस सांगितले, "फादर, तुम्ही तरी त्याला समजवा. रात्री दोन दोन वाजेपर्यंत खाण खोदत बसतो आणि सकाळी अर्ज द्यायला जा म्हटले तर उठत नाही." आम्ही त्याला भेटलो. तो शांतपणे म्हणाला, "फादर, कारखान्यात मी सहा वर्षे काढली. पहिल्या दिवशी जिथे उभा होतो, तिथेच शेवटच्या दिवशी उभा होतो. इथे मी एक दगड फोडला तरी तो मोजला जातो."

या उत्तराने आमचा तयार उपदेश जागच्या जागी राहिला. मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आम्ही अनेकदा मिस्सेत समजावून सांगितला आहे. दिवस मावळत आला तरी बाजारात रिकामे उभे असलेले ते मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. मळ्याचा धनी शेवटच्या तासालाही बाहेर पडला आणि त्याने त्यांची विचारपूस केली, हा त्या दाखल्याचा गाभा. आज त्या रिकाम्या बाजारात उभ्या असलेल्या तरुणाला प्रथम विचारणारा कोण आहे? पडद्यावरचे राज्य. ते त्याला काम देते, त्याच्या श्रमांची नोंद ठेवते आणि पायरी चढताच त्याचे अभिनंदनही करते.

परंतु त्या राज्याचा मजूर होणे म्हणजे काय, हेही तरुणांनी जाणून घ्यावे. त्याच सुमारास त्या मुलाला कोणा अनोळखी माणसाचा निरोप आला होता, की तुझी नाणी मला दे, मी रुपये देतो. खेळाच्या नियमांप्रमाणे हा व्यवहार निषिद्ध आहे. सापडल्यास खातेच बंद होते. तरीही जगभर तो चालतो. व्हेनेझुएला या बहुसंख्य कॅथॉलिक देशात चलनाची किंमत मातीमोल झाली, तेव्हा २०१७ च्या सुमारास तेथील अनेक तरुण याच खेळात हिरवे ड्रॅगन मारीत, त्यांची हाडे आणि कातडी विकून नाणी मिळवीत आणि ती परक्यांना विकून घरी अन्न आणीत. ते ड्रॅगन ज्या रानात राहतात, तेथे एक खेळाडू दुसऱ्याला ठार करून त्याचा माल लुटू शकतो. काही परदेशी खेळाडूंनी या तरुणांना ओळखून मारण्याच्या युक्त्या लिहून प्रसिद्ध केल्या. एकाचा विरंगुळा तो दुसऱ्याचा घास होता.

त्यापूर्वी २००७ साली ज्युलियन डिबेल या पत्रकाराने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत चीनमधील नानजिंग येथील अशा मजुरांचे वर्णन केले होते. खेळ वेगळा, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'; रीत तीच. रात्रभर बारा तास काम. १०० नाणी जमवली की मजुराला १० युआन, म्हणजे तेव्हाचे सव्वा डॉलर. मालक तीच नाणी ३ डॉलरला किंवा थोड्या अधिक दराने पुढे विकी आणि शेवटचा गिऱ्हाईक त्यांसाठी २० डॉलरपर्यंत मोजी. शेतातून निघालेल्या कांद्याचा भाव आणि शहरातील पिशवीत पडलेल्या कांद्याचा भाव यांतील अंतर ज्यांनी सोसले आहे, त्यांना ही कहाणी परकी वाटू नये. राज्य काल्पनिक असले, तरी झोपमोड खरी होती आणि दलालही खरा होता.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे परिपत्रक लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा मुख्य विचार. कामाचे मोल हे केवळ त्यातून काय निपजले यावर ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावर ठरते. ही कसोटी आम्ही त्या तरुणापुढे ठेवली. त्याला म्हटले, "कारखान्याने तुझा हिशेब ठेवला नाही, हा अन्याय आहे. पण या खेळाने ठेवला तो खड्यांचा. तू थकलास, आजारी पडलास, तुझी आई रात्रभर जागी राहिली, याची नोंद त्याच्या कोणत्या रकान्यात आहे?" तो काही बोलला नाही. मात्र ती नाणी आपण विकली नाहीत, एवढे त्याने सांगितले.

या खेळात एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी मावतात. यंत्राला त्यापुढची संख्या त्या जागी लिहिता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील धनवंताने जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला होता. त्या रात्रीच त्याचा हिशेब मागितला गेला. यंत्रातील त्या ढिगाला तर वाढण्याचीही सोय नाही.

तथापि या विचाराचा रोख आम्ही मुलांवर न ठेवता पालकांवर ठेवू इच्छितो. मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेतल्याने त्याची भूक भागणार नाही. त्याच्याजवळ बसावे. खडे टाकून पुढे जातोस की बँकेत नेतोस, असे त्याला विचारावे. तो उत्साहाने सांगेल आणि काटकसर, धीर, बाजारभाव यांविषयी त्याला काय काय कळते, हे पाहून आपणांस कौतुक वाटेल. मग हेच शहाणपण घरच्या खर्चाच्या वहीत वापरण्यास त्याला सांगावे. किराणा, वीजबिल, धाकट्या बहिणीची फी यांचा महिन्याचा हिशेब त्याच्या हाती द्यावा. रात्री झोपण्याची वेळ ठरवावी आणि ती सर्वांनी पाळावी, वडिलांनीही. अनोळखी माणसाशी पैशाचा व्यवहार कदापि होऊ देऊ नये.

आणि आपल्या धर्मग्रामांनी एक गोष्ट अवश्य करावी. ज्या तरुणाला 'ब्रेक' मिळाला आहे, त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे. कोणत्या कारखान्यात जागा आहे, अर्ज कोठे द्यावा, कोणते प्रशिक्षण घ्यावे, याची माहिती आपल्याच भाविकांमध्ये असते. ती त्याच्यापर्यंत पोहोचवावी. नोकरी मिळेपर्यंत त्याला मंदिराचे, शाळेचे, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचे एखादे खरे काम सोपवावे आणि ते झाल्यावर सर्वांसमक्ष त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. द्राक्षमळ्याच्या धन्याने संध्याकाळी बाहेर पडण्याचा कंटाळा केला नाही. आपणही करू नये.