डोळे मिटून ॲप तपासा

मोबाईल घरोघर आला आणि त्याच्या पाठोपाठ अभ्यासाची ॲपेही आली. क्लासची फी परवडत नाही म्हणून आईबाप पोटाला चिमटा काढून ॲपची वर्गणी भरतात. जाहिरातीत लिहिलेले असते, 'सर्वांसाठी शिक्षण'. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो, तो या 'सर्वां'मध्ये येतो की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी 29 लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होत्या. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या घरचा आहे, असे म्हणून चालणार नाही.

आमच्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालते. गेल्या वर्षी तिथल्या वीस मुलांसाठी स्पर्धा परीक्षेचे एक ॲप घ्यायचे ठरले. घरोघर फिरून पैसे जमवले. वीस जणांत एक मुलगी दृष्टिहीन. तिची आई धुणीभांडी करते; मुलगी बँकेत लागावी एवढीच तिची इच्छा. बैठकीत एकाने विचारले, "एकीसाठी एकोणीस जणांना कशाला थांबवायचे?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण असा हिशोब मांडला, तर ती मुलगी प्रत्येक बैठकीत वजाच होणार. शेवटी असे ठरले की, आठ दिवसांच्या मोफत मुदतीत ॲप तपासायचे, आणि तेही तिच्याच हातून.

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. संगणकाचे शास्त्र आम्हांस येत नाही. पण खतावणी तपासता येते. आम्ही एक वही घेतली आणि तीन रकाने आखले : काय केले, काय ऐकू आले, कुठे अडले.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती सुरू केली की बोट ठेवू ती गोष्ट फोन बोलून दाखवतो. आयफोनमध्ये अशाच सोयीला व्हॉइसओव्हर म्हणतात. आम्ही डोळ्यांना रुमाल बांधून पाहिले आणि पाच मिनिटांत गोंधळलो. ती मुलगी मात्र इतक्या वेगाने ऐकत होती की, आम्हांस शब्दही कळेनात. रुमाल बांधून अडचणीची कल्पना येते. पण खरा परीक्षक जो रोज तसे वापरतो तोच.

पहिल्याच पानावर फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण." कोणते बटण कशाचे, हे बनवणाऱ्याने लिहिलेच नव्हते. शेकडेवारीची गणिते चित्र म्हणून चिकटवलेली. तिथे फोन नुसते "चित्र" म्हणे आणि पुढे जाई. बरोबर उत्तर हिरवे, चुकीचे तांबडे. शब्दांत काहीच नाही. ज्याला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, तो डोळस मुलगाही इथे फसणार. व्हिडिओत गुरुजी फळ्याकडे बोट दाखवून "हे यातून वजा करा" म्हणत. 'हे' काय आणि 'यातून' म्हणजे कशातून? व्हिडिओखाली बोललेले शब्द लिहून येत नव्हते, म्हणजे कर्णबधिर मुलेही बाहेर. सराव परीक्षेचे घड्याळ सर्वांना सारखेच धावे. खऱ्या परीक्षेत अशा उमेदवारांना तासामागे किमान 20 मिनिटे जादा द्यावीत, असे केंद्र सरकारने 2018 च्या सूचनांत सांगितले होते. ॲपवाल्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

ही मागणी म्हणजे दयेची याचना आहे, असे कोणी समजू नये. अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. त्याच्या 42 व्या कलमात माहिती आणि दळणवळणाची साधने त्यांना वापरता यावीत, असे म्हटले आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना ओळख पटवण्यासाठी मोबाईलसमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती. त्या आणि एक दृष्टिहीन नागरिक न्यायालयात गेले. डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आमच्या वहीतील नोंदी आम्ही पत्रात उतरवल्या, पानाचे नाव आणि दोष असे क्रमाने लिहिले, आणि कंपनीला पाठवले. दीड महिन्याने बटणे बोलू लागली, उत्तरापुढे 'बरोबर' आणि 'चूक' हे शब्द आले. गणिते अजून चित्रातच आहेत. दरम्यान काही पालक नाराज झाले. एकाने आपल्या मुलासाठी वेगळी वर्गणी भरली. आम्ही मग वर्षाची वर्गणी न भरता तीन महिन्यांचीच भरली, आणि गणिते वाचता आली तरच पुढचे पैसे, असे लेखी कळवले. तोपर्यंत अभ्यासिकेतील एक मुलगा रोज तिला गणिते वाचून दाखवतो.

वाचक बंधु-भगिनींनो, ॲपचे पैसे भरण्यापूर्वी पाव तास काढा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी हे सदर असते, तिथे टॉकबॅक सापडेल. ते बंद कसे करायचे, हे आधी पाहून ठेवा. नाही तर फोन अडून बसल्यासारखा वाटतो. एक बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. पडद्याकडे न पाहता एक धडा उघडा, एक प्रश्न सोडवा, निकाल ऐका. मग अक्षरे सर्वांत मोठी करून पाहा, वाक्ये कापली जातात का? अक्षरे फिकट आहेत का? अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. गूगलचे ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर हे मोफत ॲप असे फिकट रंग, फार लहान बटणे आणि नाव नसलेली बटणे दाखवून देते. व्हिडिओ आवाज बंद करून पाहा, काही समजते का?

जिथे अडेल तिथली नोंद करा आणि कंपनीला लिहा. आपल्या घरी कोणी अपंग नसले तरी लिहा. वस्तीत ज्याच्या घरी आहे, त्याला बोलावून तपासायला बसवा, आणि पैसे भरायचे की नाही हे त्याचे ऐकून मग ठरवा.