पॉवर सप्लाय

मराठीच्या अध्यापकांनी परभाषी शब्दांविषयी फार उदार असू नये, असा एक संकेत आहे. 'पॉवर सप्लाय' या शब्दापुढे मात्र आम्ही हात टेकले. विभागातील सर्व्हरचा पॉवर सप्लाय निकामी झाल्याचा अर्ज आम्ही कार्यालयात दिला. तेथे कोणीतरी तत्परतेने त्याचे 'विभागातील वीजपुरवठा खंडित' असे मराठीकरण केले आणि दुसऱ्या दिवशी टेस्टर घेऊन वायरमन दारात उभा राहिला. भाषांतर कोशाला धरूनच होते. पण वीजपुरवठा म्हटले की आपल्याला विजेचे खांब आठवतात. यंत्राच्या पोटातली पेटी त्या शब्दात मावत नाही. दुरुस्ती करणारी मंडळी तिला सरळ 'एसएमपीएस' म्हणतात, आणि ती बंद पडली की 'गेला' म्हणतात, माणसासारखे.

या पेटीचे काम तसे अनाकर्षक. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घ्यायची आणि तिची १२ व्होल्टची दिष्ट वीज करून आत द्यायची. त्याहून लहान दाब लागतील ते मदरबोर्ड स्वतः करून घेतो. पेटीत एक अक्षरही साठवलेले नसते. ती गेल्याने काही नष्ट झाले नव्हते, फक्त काहीच हाती लागत नव्हते.

जे हाती लागत नव्हते ते असे : एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात आपापल्या गावी केलेली ध्वनिमुद्रणे. आज्या, चुलत्या, आत्या यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, मधूनच थांबून सांगितलेले अर्थ, मागे ओरडणारा कोंबडा. शेवटच्या दोन तुकड्यांच्या मुद्रणांची प्रत अन्यत्र झाली नव्हती, कारण बाह्य डिस्कचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर होता. त्यातच एका विद्यार्थिनीचा फोन आला. आजी गेली होती. तेराव्याला आवाज ऐकवता येईल का, असे ती विचारत होती.

कार्यालयाने दोन तोडगे सुचवले. पहिला, यंत्र जुने आहे तेव्हा निर्लेखित करून डेड स्टॉक रजिस्टरमधून काढून टाकावे. दुसरा अधिक समंजस होता : डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. परंतु सर्व्हरमधल्या चार डिस्का 'रेड' पद्धतीने बांधलेल्या होत्या. पोथीच्या प्रत्येक पानाचे तुकडे करून ते चार घरी ठेवावेत, तसा हा प्रकार. एका घरी जाऊन पोथी वाचता येत नाही. म्हणजे पेटीच हवी होती, आणि नेमकी तीच.

नियमानुसार तीन दरपत्रके मागवणे आले. जो भाग आता कोणी नवा बनवत नाही, त्याची तीन दरपत्रके कोठून यायची? एक आले, ते साध्या कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या एसएमपीएसचे. दर आकर्षक होता. वस्तू आमच्या सर्व्हरच्या अरुंद, लांबट कप्प्यात शिरणारीच नव्हती. तेराव्याचा दिवस या व्यवहारात निघून गेला.

मग आम्ही दोघे जुनी पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे आजचे नाव. पत्ता विचारताना ते वापरून पाहावे.) तिसऱ्या दुकानातील गृहस्थांनी पेटीच्या आकाराकडे पाहिलेसुद्धा नाही. लेबल पुसून चष्मा कपाळावर सरकवला आणि अंक वाचू लागले. "सर, वॉट सगळे बघतात. पार्ट नंबर बघायचा." सारख्याच दिसणाऱ्या, सारख्याच वॉटच्या दोन पेट्या असतात, एकीच्या मागच्या पट्टीवरची जोडणी वेगळी, एकीचा पंखा उलट्या दिशेने हवा फेकणारा. पाठभेद तपासण्याची ही शिस्त आम्हाला परिचयाची होती, फक्त तिचा हा मठ ठाऊक नव्हता. जुनी पेटी उघडून दुरुस्त होईल का, असे विचारताच त्यांनी मान हलवली. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तेथेच राहतात. "घरी उघडू नका," हे त्यांनी दोनदा सांगितले.

त्याच अंकाच्या दोन वापरलेल्या पेट्या निघाल्या. त्यांनी दोन्ही आतल्या सर्व्हरवर चालवून दाखवल्या. आम्ही दोन्ही घेतल्या, कारण आमच्या यंत्राला मुळात दोन कप्पे आहेत : एक पेटी गेली तर दुसरीने भार घ्यावा, यासाठी. देणगीत आले तेव्हाच त्यातला एक कप्पा रिकामा होता. पैसे खिशातले. बिल मिळाले.

बसवायला लागला जेमतेम एक मिनिट. स्क्रू नाही, पान्हा नाही. पेटी कप्प्यात सरकवायची, खटका बसेपर्यंत दाबायची, वायर लावायची. हिरवा दिवा. पंखे एकदम इतक्या जोराने फिरले की शेजारच्या वर्गातून शिपाई डोकावला. पडद्यावर मात्र तारीख कितीतरी वर्षे मागची होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही दरम्यान संपली होती. ती गावातल्या घड्याळजीकडे मिळाली.

प्रती काढायला संध्याकाळ झाली. विद्यार्थिनी पेनड्राइव्ह घेऊन आली. अकरा मिनिटांचे मुद्रण होते. नाव बरोबर आहे ना, एवढे तिने पाहिले. ऐकले नाही, घरी आई वाट पाहते आहे म्हणाली.

बिल अजून कार्यालयात आहे. ते 'विद्युत दुरुस्ती' या शीर्षाखाली दाखवावे की 'संगणक साहित्य' या, याचा निर्णय व्हायचा आहे.