शंभर ग्रॅम

ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये विनेश फोगाट फायनलला पोचली आणि ५० किलोच्या गटात वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. खेळाचा काटा असाच निर्दयी. (तो तसाच हवा, हेही खरंच.)

चर्चमध्ये दानाची पिशवी फिरते, तेव्हा मला दुसरा काटा आठवतो. श्रीमंतांनी भरपूर टाकलं, गरीब विधवेने दोन नाणी. येशूने तिचंच जास्त धरलं, कारण तिच्याजवळ मागे काहीच उरलं नव्हतं.

माझी आई महिनाअखेरीस रिक्षाचे पैसे पिशवीत टाकते आणि चालत घरी येते. गुडघे दुखतात तिचे. मी पैसे पुढे केले, तर म्हणाली, "मग ते तुझं दान झालं की!"