मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आपल्या वस्त्यांतून आता मुलेमुली लंडनला शिकायला निघू लागली आहेत. अशा वेळी घरातल्या मोठ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘एवढ्या लांब?’ विशेषतः मुलगी असली की याच प्रश्नावर पाऊल अडते. म्हणून हे अंतर नीट मोजून पाहू या.

मुंबईच्या सहार विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे आठ तास पुरावेत. पण जाताना पश्चिमेचा जोरदार वारा समोरून येतो, त्यामुळे थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो आणि तासभर वाचतो. वाटेत कुठे युद्ध पेटले किंवा एखाद्या देशाने आकाश बंद केले, तर वळसा पडून वेळ वाढतो. आखातात विमान बदलायचे तिकीट पुष्कळदा स्वस्त मिळते, पण प्रवास लांबतो.

दीक्षाभूमीला जाताना मुंबई-नागपूर रेल्वेत आपण बारा-चौदा तास काढतोच. तेव्हा तासांच्या हिशेबात लंडन नागपूरपेक्षा जवळ आहे!

घड्याळाची गंमत निराळीच. लंडनची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात रात्री दोनला निघालेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

परमपूज्य बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले, ते बोटीने. १९३० साली गोलमेज परिषदेला जातानाही बोटीत सुमारे दोन आठवडे गेले. माता रमाई इकडे मुंबईत हालअपेष्टांत संसार ओढत होत्या. पत्र पोहोचून त्याचे उत्तर यायला महिन्याहून अधिक काळ लागे. खरे लांब अंतर ते होते.

हीथ्रोहून भुयारी रेल्वेने लेस्टर स्क्वेअरला यावे, तिथे गाडी बदलून चॉक फार्म स्थानकावर उतरावे. तिथून थोडे चालले की १०, किंग हेन्रीज रोड हे घर लागते. विमानतळापासून साधारण दीड तास. १९२१-२२ साली बाबासाहेब या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात विमानभाडेही मिळते. तेव्हा आमचे आईबापांना एवढेच सांगणे आहे : मुलीला प्रवेश मिळाला असेल, तर ‘लांब’ म्हणून तिला थांबवू नका. अर्जाची मुदत मात्र चुकू देऊ नका.