नाव घातलेला पेला

माझं माहेरचं नाव आता फक्त एका स्टीलच्या पेल्यावर उरलंय, आणि तो पेला गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे नाही.

पेला आमच्या घरी आला १९७४ च्या एप्रिलात. सांगलीच्या आमच्या दारात बोहारीण बसली होती आणि उंबऱ्याच्या आत आजी. मध्ये आजीचं एक विरलेलं जरीचं लुगडं, आजोबांचा कोट आणि वडिलांच्या दोन पँटी. बोहारीण पातेलं द्यायला तयार नव्हती आणि आजी चाळणीवर समाधान मानायला. तासाभराच्या घासाघिशीनंतर ताट, वाटी आणि पेला यांवर तडजोड झाली. बोहारीण गेल्यावर आजी म्हणाली, "लुटलं मला." बोहारीणही पुढच्या दारी जाऊन तेच म्हणाली असणार.

मला मे महिन्यात राष्ट्र सेवा दलाच्या शिबिराला जायचं होतं. बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर आली होती: सतरंजी, चादर, बॅटरी, वही, ताट, वाटी, पेला. खाली एक सूचना होती, प्रत्येक वस्तूवर नाव असावे. चादरीच्या कोपऱ्यात आईनं लाल दोऱ्यानं नाव भरलं आणि भांडी घेऊन वडिलांबरोबर मी गणपती पेठेत गेले. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. त्यानं पेला मांडीवर धरला, वायरीचं मशीन टेकवलं, आणि घर्रर्र आवाजात ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटू लागली. आधी 'कु.', मग माझं नाव, वडिलांच्या नावाचं अक्षर, आडनाव. पैसे अक्षरागणिक होते, म्हणून वडील म्हणाले, "गाव राहू दे." घरी आल्यावर आजीनं पेला उजेडात फिरवून पाहिला आणि त्यांना परत पेठेत धाडलं. "गाव घालून आण. पेला हरवला तर परत कुठं यायचं, ते त्याला कळायला नको?"

शिबिरात ऐंशी मुलं होतो. पहाटे प्रभातफेरी, मग झेंडावंदन, श्रमदान, दुपारी उन्हं तापली की बौद्धिक, संध्याकाळी खेळ आणि रात्री शेकोटी. जेवणं झाली की विहिरीपाशी राखेनं ताटं घासायची. ऐंशी ताटं उन्हात पालथी घातली की सगळी सारखीच दिसायची. तेव्हा नावाची किंमत कळली. आजीला मात्र ती आधीपासून ठाऊक होती. आमच्या वाड्यात वाट्या, डबे, पातेली सतत या घरातून त्या घरात जात. आमटी घेऊन गेलेली वाटी चार दिवसांनी शिऱ्याचा घास घेऊन परत यायची. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा तिचा नियम होता. नाव घातलेलं होतं म्हणूनच भांडं निर्धास्तपणे घराबाहेर पाठवता यायचं.

पेला पुढे माझ्याबरोबर पुण्याच्या वसतिगृहात गेला आणि लग्नानंतर सासरी. लग्नात माझं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं. रेशनकार्ड, बँक आणि पासपोर्ट यांनी ते यथावकाश मान्य केलं. पेला तेवढा 'कु.'च राहिला. १९९४ साली नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही जिनिव्हाला गेलो, तेव्हा सामानाच्या वजनात बसवताना मी कुकर मागे ठेवला आणि पेला घेतला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

परदेशात राहणाऱ्या घरांचं खरं दुखणं उन्हाळ्यात बाहेर येतं. लेकीची आंतरराष्ट्रीय शाळा जूनअखेर बंद व्हायची ती थेट ऑगस्ट सरेपर्यंत. आमच्या मजल्यावरच्या स्विस बाईची मुलं आजीकडे जात. आमची आजी सांगलीत. दोन वर्षांतून एकदा आम्ही जायचो, पण आमची सुट्टी लागेपर्यंत तिकडची संपलेली. जुलैत पोचायचो तेव्हा आंबे झालेले, पाऊस लागलेला, मामेभावंडं दप्तरं घेऊन शाळेत. लेक दिवसभर झोपाळ्यावर एकटी बसून त्यांची वाट पाहायची. आजोळ होतं, पण आजोळची सुट्टी तिला कधी मिळाली नाही.

तिच्या वर्गातल्या बहुतेकांची हीच गत होती. आईवडील संयुक्त राष्ट्रसंघात, बँकेत, औषधांच्या किंवा तेलाच्या कंपनीत. आजी-आजोबा दुसऱ्याच कुठल्या खंडात. या पोरक्या आठ आठवड्यांवर अमेरिकन माणसानं उपाय आणला होता. अमेरिकन कुटुंबं नोकरीनिमित्त जिथं जिथं गेली तिथं त्यांच्या शाळा गेल्या आणि मागोमाग त्यांचा समर कॅम्पही. मेरी क्रिस्ट फ्लेमिंग या अमेरिकन बाईंनी १९५६ साली स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला लोकार्नो इथं अमेरिकन शाळा काढली. मी जिनिव्हात होते तोवर आल्प्समध्ये इंग्रजी बोलणाऱ्या उन्हाळी कॅम्पांची रेलचेल झालेली होती, आणि त्यांत अमेरिकन मुलांपेक्षा इतरच जास्त असत.

हा कॅम्प मूळचा कुठला, हे मी पुढे हौसेनं वाचलं. १८६१ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, कनेक्टिकटमधले एक शाळामास्तर फ्रेडरिक गन आपल्या विद्यार्थ्यांना चालवत समुद्रकाठी घेऊन गेले आणि काही दिवस तंबूत राहिले. मुलांना शिपायांसारखं राहून पाहायचं होतं. वीस वर्षांनी, १८८१ मध्ये, अर्नेस्ट बाल्च या तरुणानं न्यू हॅम्पशरमधल्या स्क्वॉम तलावातल्या बेटावर कॅम्प चोकोरुआ सुरू केला. श्रीमंतांची मुलं आईबापांबरोबर उन्हाळाभर हॉटेलांत लोळत बिघडतात, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याच्या बेटावर नोकर नव्हते. मुलांनीच स्वयंपाक करायचा, मुलांनीच भांडी घासायची. हे वाचताना मला विहिरीवरची ती ऐंशी ताटं आठवली. गन आणि बाल्च आमच्या शिबिरात आले असते, तर ओळख करून द्यावी लागली नसती.

२००० सालच्या जूनमध्ये लेकीच्या कॅम्पची यादी आली. ती अकरा वर्षांची होती. यादीत स्लीपिंग बॅग, बॅटरी, रेनकोट, डोंगरावर नेण्यासाठी एक पत्र्याचा मग, आणि खाली ठळक अक्षरांत तीच सूचना: प्रत्येक वस्तूवर नाव. एका कंपनीकडून इस्त्रीनं चिकटणाऱ्या नावाच्या पट्ट्या मागवल्या आणि दोन रात्री बसून मोज्यांपर्यंत सगळ्यावर चिकटवल्या. पत्र्याचा मग विकत आणायचा राहून गेला. म्हणून मी पेला काढून दिला. तो आधीच नाव घातलेला होता. लेकीनं त्याच्या बुडाला आपल्या नावाचा कागद चिकटवला.

जिनिव्हाहून गाडी सरोवराच्या कडेनं लोझान आणि माँत्रो करत एग्लला येते. तिथून दातेरी रुळांची गाडी कॅम्पच्या गावी, लेझँला चढते. १९०० साली सुरू झालेली ही गाडी पूर्वी ज्यांना वर न्यायची ते मुख्यतः क्षयाचे रोगी. डॉक्टर ऑग्युस्त रोलिए १९०३ पासून लेझँला सूर्यप्रकाशानं क्षयावर उपचार करत. रोग्यांचे पलंग बाहेर काढता यावेत म्हणून बांधलेले दक्षिणेकडचे लांबच लांब सज्जे अजून आहेत. औषधं निघाली, रोगी ओसरले, आणि त्या इमारतींत शाळा आल्या, हॉटेलं आली. मी सांगलीची. लहानपणी 'सॅनिटोरियम' म्हटलं की आम्हाला एकच ठिकाण ठाऊक होतं, मिरजेच्या वाटेवरची वानलेसवाडी. ती अमेरिकन मिशनची. मिरजेचं मोठं इस्पितळ उभारणाऱ्या डॉक्टर वानलेसांच्या नावाची. क्षयरोग्यांसाठी उभ्या केलेल्या दोन जागा पाहिल्या, एक माहेरी आणि एक इथं. समोर दाँ द्यु मिदीची बर्फाची शिखरं, आणि सज्जात वीस-बावीस मुली आपापल्या बॅगा घेऊन उभ्या.

टी-शर्ट घातलेली, ओहायोहून उन्हाळ्यापुरती आलेली कॉलेजची एक मुलगी पुढे आली. तिला इथं कौन्सेलर म्हणतात. आमच्याकडे ताई म्हटलं असतं. तिनं लेकीला हसून विचारलं, "कुठली तू?" साधा प्रश्न, पण लेक गप्प. जन्म पुण्याचा, पासपोर्ट भारताचा, घर जिनिव्हात, शाळा इंग्रजीतली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझी आजी सांगलीत असते." ओहायोच्या मुलीनं मान डोलावली आणि यादीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

अशा मुलांसाठी इंग्रजीत एक शब्दप्रयोग आहे, 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं'. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये अशा कुटुंबांनी मिळून रचलेली तिसरी. हा विचार पुढे आणला रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी, आणि तो त्यांना सुचला १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. त्यांच्या मुलांना पाहून तिकडे गेलेला शब्द, अर्ध्या शतकानं माझ्या मुलीला लागू झाला.

कॅम्पात रविवारी घरी पत्र लिहिणं सक्तीचं होतं. पत्र दाखवल्याशिवाय दुपारचं जेवण मिळत नसे. पहिलं पत्र देवनागरीत सुरू होऊन तिसऱ्या ओळीत इंग्रजीत घसरलं होतं. पाऊस आहे, मोजे ओले आहेत, खोलीतली एक मुलगी घोरते, मला घेऊन जा. मी बॅग भरायच्या बेतात होते. ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी नवऱ्याला म्हणाला, थांबा, सगळी पहिली पत्रं अशीच असतात. तिकडे अॅलन शर्मन नावाच्या विनोदी गायकानं १९६३ मध्ये आपल्या मुलाच्या अशाच रडगाण्यावरून गाणं केलं आणि ते घरोघरी गाजलं. गाण्याच्या शेवटी गारा थांबतात आणि मुलगा आधीचं सगळं विसरा म्हणतो. लेकीचं दुसरं पत्र चार ओळींचं होतं. शेकोटीवर मार्शमेलो भाजून, बिस्किटांच्या मध्ये चॉकलेटबरोबर दाबून खातात. पण त्यात जिलेटिन असतं म्हणून मी नुसतंच बिस्किट-चॉकलेट खाल्लं. वेळ नाही, हाका मारताहेत. ते पत्र वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं, पण पहिलं पत्र मी जपून ठेवलं आणि दुसरं कुठे गेलं आठवत नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली. बॅग उपसली तर पेला नाही. त्याच्या जागी निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक एनॅमलचा मग, त्यावर काळ्या मार्करनं कुणा दुसऱ्याच मुलीचं नाव, आणि मगमध्ये चार रंगांच्या प्लास्टिक दोऱ्यांचा गुंफलेला गोफ.

"पेला कुठाय?"

"तिला दिला. तिनं मला तिचा मग दिला. ती घोरायची ना, तीच."

ती मुलगी नॉर्वेची, जन्म ह्यूस्टनचा, वडील तेल कंपनीत, त्या वर्षी मुक्काम गॅबनमधल्या लिबरव्हिलला. मी काही ऐकून घेतलं नाही. आजीचं लुगडं, गणपती पेठ, ते घर्रर्र मशीन, सगळं एकदम घशाशी आलं. "माझं नाव होतं त्यावर! माझं नाव देऊन आलीस तू!"

लेक खरोखरच गोंधळली. "आई, त्यावर तुझं नाव कुठं होतं? ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. 'कु.'वालीला ती कधी भेटलीच नव्हती. अकरा वर्षं त्या पेल्यानं पाणी पिऊनही तिनं ते नाव माझ्याशी जोडलं नव्हतं, आणि मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. मग मी तिला जेवता जेवता सगळं सांगितलं, बोहारणीपासून. ऐकून ती म्हणाली, "मग बरं झालं ना? ती तिकडे फिरते आहे."

दोघींची पत्रापत्री दोनदा झाली. तिसरं पत्र परत आलं. ते लोक लिबरव्हिलहून हलले होते. पुढे इमेलचा पत्ताही बंद पडला. आजीनं परत यायची वाट कळावी म्हणून गाव घालून घेतलं होतं, पण ज्या घरात पेला गेला तिथं ते गाव कुणाला वाचताही येणार नव्हतं. मगवरचं मार्करचं नाव तर वर्षभरात धुऊन गेलं. तरी राग ओसरल्यावर एक गोष्ट मला मान्य करावीच लागली. आमच्या वाड्यात भांडं जसं परत यायचं तसं ते आलं होतं. दुसऱ्याच्या घरचं, आणि रिकामं नव्हे. फक्त वाडा फार मोठा होता.

आम्ही २०१२ मध्ये पुण्याला परतलो. तो निळा मग आता माझ्याकडे तांदूळ मोजायला आहे. काठाचं एनॅमल उडालंय. लेक टोरांटोला असते. नातू नऊ वर्षांचा, या उन्हाळ्यात पहिल्यांदा तळ्याकाठच्या कॅम्पला जायचाय. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "आई, यादी आलीय. प्रत्येक वस्तूवर नाव हवंय. तिकडे अजून नाव घालून मिळतं का गं?"

रविवार पेठेतल्या दुकानात आता पायरीवर कुणी बसत नाही. काउंटरवरच्या मुलानं नाव मोबाइलमध्ये टाइप करून मला वाचायला दिलं. वेलांटी दुरुस्त केली. "खाली गाव टाकायचं?" त्यानं विचारलं. अक्षरागणिक पैसे आता नाहीत, सरसकट दर आहे. मला आजी आठवली.

"टाका. सांगली."

मग पेला उजेडात फिरवून पाहिला आणि म्हटलं, "असेच दोन करा."

"दोन मुलं का, काकू?"

"एकच. पण शिबिराला चाललाय."